फटफटीचा आवाज आणि इंजिनाचा श्वास

मोटारसायकलला मराठीने ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरून. त्या आवाजाची मोहिनी आजही ओसरलेली नाही. १९५५ साली मद्रासमध्ये जिची जुळणी सुरू झाली त्या ‘बुलेट’चे मालक तर नवी गाडी दारात उभी राहताच सायलेन्सर बदलण्याचा विचार करू लागतात. मग पुढचा प्रश्न येतो : नुसती नळी बदलून भागेल, की इंजिनाचे ट्यूनिंगही नव्याने करावे लागेल?

याचे उत्तर गाडी कोणत्या काळातील आहे यावर अवलंबून आहे. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत हवेबरोबर किती पेट्रोल जावे हे पितळी जेटच्या छिद्रावर आणि सुईच्या उंचीवर ठरते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल लागते. सायलेन्सर अधिक मोकळा झाला की जळालेला वायू लवकर बाहेर पडतो, सिलिंडरमध्ये ताजी हवा थोडी अधिक शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण त्या मानाने अपुरे पडू शकते. जेट मात्र आपणहून मोठा होत नाही. अशा वेळी इंजिन अधिक तापते, पिकअप अडखळतो आणि वेग कमी करताना मागून फटाके फुटल्यासारखे आवाज येतात. अनेकांना हे फटाके शौर्याचे लक्षण वाटतात. पुष्कळदा ती मिश्रण पातळ झाल्याची तक्रार असते.

तथापि, सायलेन्सर बदलला की जेट बदललाच पाहिजे, हा गॅरेजमधील नियमही आंधळेपणाने पाळू नये. प्रथम नळी आणि सिलिंडर यांच्या जोडावरील गॅस्केट तपासावे, कारण तेथून हवा शिरत असली तरी तेच फटाके ऐकू येतात. त्यानंतर काही किलोमीटर गाडी चालवून स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, काजळी धरली असेल तर जास्त होते आहे. एवढ्या तपासणीस फारसा खर्च येत नाही, आणि ती केल्यावाचून जेटला हात लावू देऊ नये. आणखी एक गोष्ट. जुन्या ३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. हे इंजिन कमी वेगात जोर देण्यासाठी घडवलेले आहे. पूर्ण मोकळी नळी लावल्यास हाच जोर घटू शकतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा कानांचा भ्रम आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांतील बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन असते. ऑक्सिजन सेन्सर धुरातील प्राणवायू मोजतो आणि संगणक पेट्रोलची मात्रा सावरतो. किरकोळ बदल तो सांभाळून घेतो, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सहसा ठरीव तक्त्यानेच चालतो. सायलेन्सरच्या मार्गातील उत्प्रेरक काढून टाकला तर विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर होत नाही. ती उणीव कोणतेही ट्यूनिंग भरून काढू शकत नाही.

येथेच कायदा आड येतो. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून वेगळे बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग हा वेगळा गुन्हा आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आपण पाहिलीच असतील.

वाहनकर्ज चालू असताना गाडी बँकेकडे तारण असते आणि विमा मूळ रचनेच्या गाडीचा असतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी अडचण उभी करू शकतो. म्हणून जुना सायलेन्सर गंजला असेल तर त्याच मॉडेलसाठी मान्य असलेला घ्यावा, पावती जपून ठेवावी आणि जोडणीनंतर प्लग तपासून पीयूसी नव्याने करून घ्यावे. एखाद्याने आधीच नळी बदलली असेल तर मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. गाडी विकताना जाणकार ग्राहक सर्वप्रथम तोच मागतो.