काहून पयता जी?
पन्नाशीनंतरच्या मॅरेथॉन-सरावाची एक वऱ्हाडी नोंद

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते पहाटे दोन प्रकारच्या माणसांनी जागे होतात. एक, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली मुलं. त्यांचं सगळं लक्ष 1600 मीटरवर असतं. दुसरे आमच्यासारखे पन्नाशी-साठीतले. भरतीची मुलं वाऱ्यासारखी शेजारून जातात, वळून परत येतात, पुन्हा पुढे जातात. मी तेवढ्या वेळात माझ्या चालीनं एखादा किलोमीटर कापलेला असतो. एकदा घोटभर पाणी पिण्यासाठी थांबलो असताना त्यांतल्या एकानं विचारलं, "काकाजी, तुमी काहून पयता जी? तुमाले त भरती नाई व्हाचं."

प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्याच्या पळण्याला कारण होतं, तारीख होती, वयोमर्यादा होती. माझ्या पळण्याला यातलं काहीच नव्हतं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक सवय असते, ती म्हणजे नोंद ठेवण्याची. नऊ वर्षं रोजच्या पळण्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या समजून घेण्यासाठी मिळेल ते वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

व्यायामाचा वारसा, अंतराचा वारसा

वऱ्हाडाला व्यायाम नवा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी उभं केलं. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. आमच्या मागच्या पिढीच्या मनातला व्यायाम तिथून आला: दंड, बैठका, मल्लखांब, लाठी, कुस्ती. त्यात ताकद होती, चापल्य होतं, शिस्त होती. लांब पळणं मात्र त्याच्या मध्यभागी नव्हतं.

मराठी मुलखात लांब पळणारे नव्हते असं नाही. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. पुढच्याच वर्षी, 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेलं. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी शर्यतीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटर होता. चौगुल्यांनी तो 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. आज आपण ज्याला मॅरेथॉनचं अंतर म्हणतो ते 42.195 किलोमीटर अधिकृतपणे ठरलं त्याच्या पुढच्या वर्षी, 1921मध्ये.

वऱ्हाडातही अंतराचा एक वेगळा वारसा आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात. सुमारे 18 किलोमीटर, खांद्यावर भार, पाय अनवाणी. अकोल्याहून शेगावला पायी जाणारे तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालतात, म्हणजे जवळजवळ मॅरेथॉनच. त्यांच्यात साठीच्या बायका असतात, दुकानदार असतात. त्यांना कुणी खेळाडू म्हणत नाही. ते पोचतात याचं कारण मला फार उशिरा कळलं. ते बोलता येईल, भजन म्हणता येईल अशा चालीनं जातात.

पेडर रोडवरचा धडा

माझी पहिली मॅरेथॉन वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी झाली. मुंबईत 2004पासून ही शर्यत होते, बहुतेक जानेवारीत. अमरावती एक्स्प्रेसनं रात्रभर बसून गेलो. तयारी आमच्या जुन्या समजुतीप्रमाणे केली होती. रोज पळायचं, रोज जीव तोडून पळायचं, घाम निथळला नाही तर व्यायाम झालाच नाही. शर्यतीतही तसाच सुटलो. पहिले 21 किलोमीटर 2 तास 12 मिनिटांत झाले. तिशीनंतर पाय जड झाले आणि पेडर रोडच्या चढावर मी कठड्याला धरून उभा राहिलो. दुसरा अर्धा भाग 3 तास 9 मिनिटांनी संपला. त्यातला बराचसा चालत.

काय झालं होतं? हिशेब सोपा आहे. पळताना शरीर दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. माझं वजन 62 किलो. म्हणजे पूर्ण अंतराला सुमारे 2600. स्नायू आणि यकृतात साखरेचा जो साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, तो मात्र साधारण 2000 किलोकॅलरींचा. उरलेलं चरबीतून यावं लागतं. चरबीचं कोठार बारक्या माणसातही भरपूर असतं, पण ती सावकाश जळते. वेग वाढला की शरीर चरबी सोडून साखरेकडे वळतं. मी पहिल्या दोन तासांत साखरेची थैली रिकामी केली आणि पेडर रोडवर दिवाळं काढलं.

दुसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. आमच्याकडे कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. तो उडून जातो आणि अंग थंड करतो. सदऱ्यावर उरतात ती मिठाची पांढरी वर्तुळं. मुंबईत हवा दमट, घाम उडत नाही, नुसता ओघळतो. अंग तापत जातं आणि हृदयाला स्नायूंबरोबर कातडीकडेही रक्त पाठवावं लागतं. वऱ्हाडातल्या माणसानं मुंबईत किलोमीटरमागे काही सेकंद आधीच वजा धरलेले बरे.

त्या शर्यतीनंतर टाचेमागची दोरी, डॉक्टर ज्याला अकिलीस टेंडन म्हणतात ती, सुजली. एका डॉक्टरांनी फोटोसुद्धा न काढता सांगितलं, "या वयात पळणं बंद करा, गुडघे जातील." चार महिने घरी बसलो. या काळात वाचायला लागलो. गुडघ्यांबद्दलची समजूत बरीचशी उलटी निघाली. अनेक अभ्यास एकत्र करून 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के, बैठी कामं करणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के आढळलं. मुळात ज्यांचे गुडघे धड असतात तेच पळत राहतात, हेही यात धरायला हवं. तरी हौशी माणसाचे गुडघे पळण्यानं जातातच, हे काही या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

सावकाश का?

तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नेटानं सराव करणाऱ्यांत हा उतार बराच कमी होतो, थांबत मात्र नाही. नाडीचा कमाल वेगही उतरतो. 220 मधून वय वजा करण्याचा आडाखा सर्वांना ठाऊक आहे. उतारवयाला जास्त जवळचा आडाखा म्हणजे वयाच्या सात दशांश पट काढून ती 208 मधून वजा करायची. सत्तावन्नाव्या वर्षी माझा आकडा येतो 168. हा आडाखाच, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

आता सावकाश पळताना, म्हणजे माझ्या बाबतीत नाडी 125च्या आत ठेवून, काय घडतं? स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्यांचं जाळं वाढतं. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे इंधन जाळणाऱ्या चुली, वाढतात. चरबी जाळण्याची सवय लागते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं. हे सगळं जोरानं पळूनही होतं, पण जोराच्या पळण्याची झीज भरून यायला वेळ लागतो. विशीत ती एका दिवसात भरते, पन्नाशीनंतर दोन-तीन दिवस घेते. स्नायू आठवड्यांत तयार होतो. टेंडनला महिने लागतात, कारण तिला रक्तपुरवठाच कमी. माझी टाच सुजली ती याच तफावतीमुळे. दम वाढला होता, दोरी तयार नव्हती.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडातले एड व्हिटलॉक. निवृत्त अभियंता. मिल्टन गावातल्या दफनभूमीत ते छोट्या फेऱ्या मारत रोज तास न् तास, कधी सलग तीन तास, अगदी संथ पळत. 2004मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी, त्यांनी टोरोंटोची मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत पूर्ण केली. ते तरुणपणी इंग्लंडमध्ये उत्तम धावपटू होते, त्यामुळे त्यांची वेळ आपल्यासाठी नाही आणि त्यांचे तीन तासही नाहीत. घेण्यासारखा आहे तो त्यांचा संथपणा.

माझा आठवडा

सोमवार सुट्टी. मंगळवारी 8 किलोमीटर, बोलता येईल इतक्या चालीनं. बुधवारी पळणं नाही, फक्त ताकद: बैठका, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करणं, दंड. पन्नाशीनंतर स्नायू दर वर्षी सुमारे एक टक्क्यानं घटतो आणि पळण्यानं ती घट पुरेशी थांबत नाही. इथे हनुमान व्यायाम मंडळाच्या परंपरेनं दिलेली बैठक कामी येते. गुरुवारी 10 किलोमीटर, त्यातले मधले 5 जरा जोरात. शुक्रवारी 6 संथ. शनिवारी सुट्टी. रविवारी लांब पळणं, 18 पासून सुरुवात करून शर्यतीच्या आधी 30 पर्यंत. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी. एकूण 42 ते 54 किलोमीटर, त्यात जोराचं फक्त एक दशांशाच्या आसपास.

रस्त्याचीही निवड लागते. मी शक्यतो पांदणीनं पळतो. काळी माती कोरडी आणि बसलेली असली की पायाला मऊ लागते. पावसाळ्यात तीच बुटाला किलोभर चिकटते, मग डांबरी रस्ता. अमरावती ते अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा जून 2022मध्ये 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात गेला. पृष्ठभाग सुरेख आहे, पण ट्रकांच्या त्या रस्त्यावर अंधारात पळू नये. अमरावतीला गेलो की वडाळी किंवा छत्री तलावाच्या बाजूला जातो.

वऱ्हाडात कॅलेंडर ऊनच ठरवतं. मे 2024च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लागू करावं लागलं होतं. अशा महिन्यांत मी निम्म्यावर येतो आणि सूर्य उगवायच्या आत घरी असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. त्या काळात वेगाचा विचारही करू नये. जून-जुलैत पुन्हा बांधणी, दिवाळीनंतर लांब रविवार, जानेवारीत शर्यत. खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं, बाटलीत लिंबू, मीठ, साखर. निव्वळ पाणी भसाभसा पिणंही घातक असतं, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. आणि नव्यानं सुरू करणाऱ्यानं आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. पळताना छातीत दाटलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला.

चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा मुंबईत पळालो. पहिला अर्धा भाग 2 तास 24 मिनिटं, दुसरा 2 तास 25. पहिल्या वेळेपेक्षा बारा मिनिटं सावकाश सुटलो आणि 32 मिनिटं आधी पोचलो. पेडर रोड सावकाश चढलो, पण थांबलो नाही.

ज्यांचा सराव मोजला जात नाही

एक गोष्ट मात्र या सगळ्या आकड्यांच्या बाहेर राहते. मूळच्या आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीसाठी बारामतीकडे गेलेल्या लता करे साठी ओलांडल्यावर तिथल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. शर्यत तीन किलोमीटरची होती. लोक म्हणाले, चमत्कार. मला तसं वाटत नाही. धुऱ्यावरून, पांदणीतून, डोक्यावर भारा घेऊन वर्षानुवर्षं चाललेल्या पायांत केशवाहिन्यांचं जाळं होतंच, टाचेची दोरी पक्की होतीच. मी खुर्चीत बसून गमावलेलं पहाटे उठून परत मिळवतो आणि त्याला सराव म्हणतो. त्यांच्या आयुष्यात त्याला काम म्हणत.

भरतीच्या त्या मुलाला मी नंतर शोधलं. एका चाचणीत तो थोडक्यात राहिला होता आणि पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. पळणं सोडणार, असं म्हणाला. त्याला मी इतकंच सांगितलं, की भरती होवो न होवो, रविवारी सकाळी माझ्याबरोबर ये, सावकाश जाऊ. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्या चालीनं मले झोप यीन, काकाजी."

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. पहिले दोन किलोमीटर तो सारखा पुढे जायचा आणि थांबायचा. मग कधीतरी शेजारी आला. भजन काही आम्ही म्हटलं नाही, पण बोलत बोलत बारा किलोमीटर झाले. परतताना त्याला दम लागला नव्हता, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

काहून पयता, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.