नागपूरची वाट, इंग्रजीचा वर्ग

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इथल्या कितीतरी मुलांची घरी मराठी, शाळेत हिंदी आणि त्यावर इंग्रजी अशी तिहेरी कसरत चालते.

या भागाला जवळचं मोठं शहर आजही नागपूरच, आणि परदेशी मास्तराच्या इंग्रजी वर्गाची गोष्टही तिथलीच. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. गादीवर तेव्हा तिसरे रघुजी भोसले होते. पुढच्याच वर्षी हिस्लॉप यांनी शाळा काढली. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचं कारण नाही. पण नागपूर भागातलं इंग्रजी शिक्षण याच शाळेतून वाढलं. हा माणूस फळ्यापुरता थांबणारा नव्हता. त्यांनी दगड, जीवाश्म गोळा केले, आदिवासींच्या चालीरीती टिपल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नदीत ते बुडाले.

शाळेतूनच १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. ते आजही सुरू आहे.

आता परदेशी शिक्षक मोबाइलवर भेटतो. ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्न इंग्लिश टीन्स’ हे संकेतस्थळ १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यावर ऐकण्याचे, वाचनाचे, व्याकरणाचे धडे मोफत मिळतात. पांढुर्णा-सौंसरच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास तरी त्यासाठी राखून ठेवावा.