दोन संगणक, एक स्पीकर

टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, शेजारी घरचा डेस्कटॉप आणि स्पीकर मात्र एकच. मीटिंग एकावर, गाणी दुसऱ्यावर, आणि दिवसभर पिन काढा-घाला. घरून काम करणाऱ्यांना ही कटकट नवी नाही. दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा ‘वाय केबल’ हातात पडते. ती असते एका संगणकाचा आवाज दोन हेडफोनना वाटून देण्यासाठी. तीच उलटी वापरून दोन संगणक एका स्पीकरला जोडले, की गडबड सुरू होते.

हवेत दोन आवाज आपोआप मिसळतात. दाबाच्या लहरींची बेरीज होते आणि कान ती ऐकतो. तारेतही बेरीजच करायची असते. पण संगणकाचं प्रत्येक आउटपुट आपल्या टोकाशी स्वतःला हवं तेच व्होल्टेज राखू पाहतं. दोन आउटपुट थेट जोडणं म्हणजे एकच दार दोघांनी दोन्ही बाजूंनी ढकलणं. आउटपुटचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे एकाचा विद्युतप्रवाह स्पीकरऐवजी दुसऱ्याच्या आउटपुटात शिरतो. आवाज दबतो, फाटतो आणि दोन्हीकडच्या सर्किटवर उगाच ताण येतो.

यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे प्रत्येक वाटेत १ किलो-ओहमचा एक रेझिस्टर. ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनीचं टोक म्हणजे डावा आवाज, मधलं कडं म्हणजे उजवा आणि मागची नळी म्हणजे ग्राउंड. दोन्ही संगणकांच्या डाव्या तारा आपापल्या रेझिस्टरमधून आणून एकत्र डाग द्यायच्या, उजव्याही तशाच. ग्राउंड मात्र थेट जोडायचं. एकूण रेझिस्टर चार. आता एका संगणकाच्या प्रवाहाला दुसऱ्यात घुसायचं तर २,००० ओहमची वाट ओलांडावी लागते. बदल्यात प्रत्येकाचं व्होल्टेज निम्मं होतं, म्हणजे ६ डेसिबलची घट. स्पीकरचं बटण थोडं फिरवलं की ती भरून निघते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सामान किरकोळ पैशांत मिळतं. एक पथ्य पाळायचं: ही जोडणी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरसाठीच आहे. ३२ ओहमचा हेडफोन थेट लावला तर आवाज जेमतेम कुजबुजेल.

सोल्डरिंग जमत नसेल तर डेस्कटॉपच्या मागे पाहा. तिथली निळी खाच बहुधा लाइन-इनची असते. लॅपटॉपचा आवाज तिथे आणायचा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग विभागात ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वर खूण करायची. खर्च एका केबलचा. फक्त आवाज किंचित उशिरा पोहोचतो.

वायरींनी जोडलं की अनेकदा ‘हम्म’ अशी गुणगुण सुरू होते. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या प्लगमधून अर्थ झालेली असतात, आणि ऑडिओची ग्राउंड तार त्यांच्यात एक बंद वेढा पूर्ण करते. घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची थरथर त्या वेढ्यातून आवाजात उतरते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष बहुधा इथेच. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यातले छोटे ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे पाठवतात आणि तारांचा थेट संबंध तोडतात. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नका. ती जीव वाचवण्यासाठी आहे.

तार नकोच असेल तर नेटवर्क आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल: हा हिशेब सेकंदाला सुमारे १५ लाख बिट इतकाच होतो, घरच्या वायफायला अगदी सहज पेलणारा. व्हीबी-ऑडिओचा व्हॉइसमीटर हा मिक्सर प्रोग्रॅम व्हीबॅन पद्धतीने एका संगणकाचा आवाज दुसऱ्याकडे आणतो. इथली अडचण घड्याळाची. प्रत्येक संगणक आपल्या क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या ठोक्यावर नमुने मोजतो आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० चा फरक धरला, तर तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. सॉफ्टवेअरला ती सतत सावरावी लागते. शिवाय वायफायचे हेलकावे झेलायला थोडा आवाज साठवून ठेवावा लागतो. साठा मोठा केला तर उशीर वाढतो, लहान केला तर आवाज तुटतो. गाण्यांना हा उशीर चालतो. व्हिडिओ पाहताना ओठ आणि शब्द यांची फारकत लगेच जाणवते.

काही हजार रुपयांचा छोटा ऑडिओ मिक्सर आउटपुटांची झटापट मिटवतो, प्रत्येक संगणकासाठी वेगळं बटण देतो आणि त्यावर हेडफोनही चालतो. पण तोही शेवटी बेरीजच करतो, आणि ग्राउंडच्या वेढ्यातून येणारी गुणगुण तो थांबवत नाही. त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी आधी केबल आणि रेझिस्टर वापरून पाहा, गुणगुण आली तर आयसोलेटर घ्या. मिक्सरवर खर्च करायचा तो हेडफोन लावायचा असेल किंवा दिवसातून दहादा आवाज वर-खाली करावे लागत असतील तरच.