रक्तदात्याची पात्रता आणि समलिंगी पुरुष : नियमाच्या न्याय्यतेचा प्रश्न

प्रस्तावना

फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदात्यास पोलिसांनी ताब्यात घेतले आणि त्यांना ६४ दिवस सक्तीच्या एकांतवासात ठेवण्यात आले. अपराध कोणताच नव्हता. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला होता आणि गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीस वेगळे ठेवण्याची तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयानेही ही तरतूद वैध ठरविली. डिसोझा यांचे १९९२ मध्ये निधन झाले.

रक्तदात्याच्या निवडीचे आजचे नियम भीतीच्या याच कालखंडात आकारास आले. अमेरिकेत १९८५ पासून, १९७७ नंतर एकदा जरी दुसऱ्या पुरुषाशी लैंगिक संबंध आलेला पुरुष रक्तदानास कायमचा अपात्र मानला जाऊ लागला. एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी त्याच वर्षी उपलब्ध झाली होती आणि तिच्या मर्यादा मोठ्या होत्या. त्या वेळी हा नियम कठोर असला तरी निराधार नव्हता. प्रश्न त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा आहे.

भारतातील तरतूद

राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) यांची रक्तदाता निवडीची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०१७ मध्ये जारी झाली. त्यांतील कलम १२ व कलम ५१ अन्वये एचआयव्ही, कावीळ 'ब' व कावीळ 'क' यांची जोखीम असलेल्या व्यक्तींना रक्तदानापासून कायमचे वगळण्यात आले. जोखमीच्या या यादीत तृतीयपंथी, पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईद्वारे अमली पदार्थ घेणारे आणि एकाहून अधिक लैंगिक जोडीदार असणाऱ्या व्यक्ती यांचा समावेश आहे.

ही यादी वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एकाहून अधिक जोडीदार असणारी व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, समलिंगी असो वा भिन्नलिंगी, शेवटच्या निकषानेच अपात्र ठरते. अनेक जोडीदार असणारा समलिंगी पुरुष त्यात आपोआप येतो. मग 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' या स्वतंत्र निकषाने आणखी कोण वगळले जाते? एकाच जोडीदाराशी वर्षानुवर्षे एकनिष्ठ असणारा पुरुष, किंवा पूर्वी कधी तरी संबंध आलेला आणि आज एकटा राहणारा पुरुष. ज्यांच्यापासून धोका सर्वांत कमी, नेमके त्यांनाच वेगळे काढण्याचे काम हा निकष करतो. तृतीयपंथीयांच्या बाबतीत तर कृतीचा उल्लेखही नाही, केवळ ओळख पुरेशी मानली आहे.

शासनाची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. या कलमांना आव्हान देणारी याचिका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. तिला उत्तर देताना केंद्र शासनाने २०२३ मध्ये शपथपत्राद्वारे असे प्रतिपादन केले की, रक्त घेणाऱ्याचा सुरक्षित रक्ताचा हक्क हा रक्त देण्याच्या इच्छेपेक्षा श्रेष्ठ होय. हे म्हणणे मान्यच करावे लागेल. थॅलेसेमियाच्या रुग्णास दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते, आणि ते कोणाचे हे विचारण्याची सोय त्याला नसते. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ व्यक्तींनी आपणास रक्तसंक्रमणातून एचआयव्ही झाल्याचे सांगितले, अशी माहिती नॅकोने माहितीच्या अधिकारात दिली होती. हा आकडा रुग्णांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेला असला तरी तो क्षुल्लक नव्हे. रक्तदान हा कोणाचा मूलभूत हक्क नाही हेही खरे. परंतु हक्क नसला तरी नकाराचे कारण विवेकसंगत असावे, एवढी अपेक्षा नागरिकास ठेवता येते.

आकडे आणि चाचण्या

नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.२६ टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२१ टक्के होते. तफावत मोठी आहे आणि ती लपवून युक्तिवाद करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि हाच आकडा शंभरांपैकी जवळपास ९७ जण बाधित नाहीत असेही सांगतो. समूहाची सरासरी ही त्यातील प्रत्येकाची जोखीम नव्हे.

खरी अडचण 'विंडो पिरियड'ची आहे. संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही. प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीत हा काळ साधारण तीन ते चार आठवड्यांचा असतो, तर विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅट चाचणीत तो दहा-अकरा दिवसांवर येतो. भारतात दात्याच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे, नॅट मात्र सर्वत्र होत नाही. त्यामुळे परदेशातील नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण विंडो पिरियड आठवड्यांत मोजला जातो, आयुष्यात नव्हे. त्याच्या आधारे काही महिन्यांची स्थगिती समर्थनीय ठरते. कायमची बंदी ठरत नाही.

इटलीने २००१ मध्येच समूहाऐवजी प्रत्येक दात्याच्या वर्तनाची विचारणा सुरू केली. त्यानंतर समलिंगी संबंधांतून बाधित झालेल्या दात्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले नाही. ब्रिटनने जून २०२१ पासून, कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. तेथे गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार किंवा अनेक जोडीदार आणि गुदमैथुन या दोन्ही गोष्टी असल्यास दात्यास, तो स्त्री असो वा पुरुष, थांबविले जाते. एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्यांनाही काही महिने थांबावे लागते, कारण या गोळ्यांमुळे चाचणीत संसर्ग उशिरा दिसू शकतो. म्हणजे निकष शिथिल झाला असे म्हणण्यापेक्षा तो नेमका झाला असे म्हणणे योग्य.

अवयवदानातील तुलना येथे बोधप्रद आहे. अमेरिकेच्या २०१३ च्या नियमानुसार मृत्यूपूर्वीच्या बारा महिन्यांत पुरुषाशी संबंध आलेल्या दात्याचा अवयव वाढीव जोखमीचा मानला जाई, परंतु रुग्णास कल्पना देऊन व त्याची संमती घेऊन तो वापरता येई. २०२० मध्ये ही मुदत ३० दिवसांवर आली. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्याचा मृत्यू ही अधिक निश्चित हानी असल्याने तेथे जोखीम तोलली जाते. रक्ताच्या बाबतीत तोलण्याऐवजी दार बंद करणे सोपे वाटते, एवढाच फरक.

शिबिरातील अर्ज

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर तज्ज्ञांचे मत घेण्यास केंद्र शासनास सांगितले. भेदभाव टळावा आणि वैद्यकीय खबरदारीही राहावी, असा मार्ग न्यायालयास अपेक्षित होता. निर्णय कोणताही होवो, त्याची अंमलबजावणी बव्हंशी शिबिरांतच व्हायची आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे हा वार्षिक उपक्रम असतो. मंडपात रांग, एका टेबलावर प्रश्नावली, मागे वर्गमित्र. अशा ठिकाणी ज्या प्रश्नाचे खरे उत्तर विद्यार्थ्यास कायमचे अपात्र व कदाचित उघडे करील, त्याचे उत्तर तो 'नाही' असेच देईल. ज्याने कालच जोखीम पत्करली तोही 'नाही' म्हणेल आणि दोघांतील भेद अर्जावर दिसणार नाही. विंडो पिरियडमध्ये प्रयोगशाळेच्या आधी रुग्णाचे रक्षण करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दात्याचे खरे बोलणे. कार्यक्रम अधिकाऱ्यास नियम बदलता येत नाही. प्रश्नावलीचे टेबल पडद्याआड लावणे आणि तेथे डॉक्टरांखेरीज कोणी उभे राहणार नाही हे पाहणे मात्र त्याच्या हाती असते.