कागदाचा ग्रीक घडा

जुन्या ग्रीक घड्यांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. केशरी घडा आणि त्यावर काळी माणसं. उंच, दोन कानांच्या घड्याला अँफोरा म्हणतात. त्यात तेल किंवा वाइन ठेवत.

नीट बघा. काळ्या माणसांना डोळे आहेत, बोटं आहेत, कपड्यांवर नक्षीसुद्धा आहे. काळ्यावर या रेषा कशा काढल्या? त्या रंगवलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत! चित्रकार आधी अगदी बारीक, पातळ केलेल्या मातीने माणसाचा आकार भरायचा. मग टोकदार हत्याराने ती माती खरवडायचा. खालची माती दिसली की झाली रेषा. भट्टीत आधी हवा असायची, मग ती बंद करायचे, तेव्हा सगळा घडा काळा पडायचा. पुन्हा हवा सोडली की घडा केशरी व्हायचा, पण बारीक मातीचा भाग काळाच राहायचा.

आता आपण कागदावर तेच करू. छापील घडा आणून त्यात नुसता रंग भरण्यात काही मजा नाही.

केशरी कार्डपेपर उभा दुमडा. घडीच्या बाजूने अर्धा घडा काढा: तोंड, मान, फुगीर पोट, खाली छोटा पाया. कापून उघडलात की दोन्ही बाजू अगदी सारख्या येतील. कान काळ्या कागदाच्या पट्ट्यांचे चिकटवा.

पोटावर पेन्सिलने दोन माणसं काढा. मोठी काढा, लहान आकारात कोरता येत नाही. त्यांच्यात केशरी मेणाचा खडू दाबून भरा. त्यावर काळा पोस्टर कलर लावा. रंगात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर रंग मेणावर धरत नाही. पूर्ण वाळू द्या. मग टूथपिकने डोळे, केस, कपडे कोरा. हळूच हं, इथे खोडरबर चालत नाही!

कोणती माणसं काढायची? एक्सेकियास नावाच्या अथेन्सच्या कलाकाराने इ.स.पू. 540 ते 530 च्या सुमारास एक घडा केला. तो आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे दोन योद्धे सोंगट्या खेळतायत. ट्रॉयचं युद्ध चालू आहे, म्हणून खेळतानाही हातात भाले आहेत. अकिलीसच्या तोंडापाशी लिहिलंय ‘चार’, एजॅक्सच्या तोंडापाशी ‘तीन’. गोष्टीत पुढे दोघंही ट्रॉयलाच मरतात. चित्रात मात्र दोघं खाली वाकून फक्त पटाकडे बघतायत.

तुमची माणसं काय बोलतायत, तेही त्यांच्या तोंडापाशी मराठीत लिहा. एक्सेकियासने घड्याच्या काठावर लिहिलं होतं, की मला एक्सेकियासने रंगवलं आणि घडवलं. घडाच बोलतोय जणू! तुमच्या घड्याच्या काठावर तुमचं नाव येऊ द्या.