दाणे खा, पण चार शेंगा राखा!

कुणी आपली मागणी उडवून लावली, की घरातली मोठी माणसं म्हणतात, "लावल्या वाटाण्याच्या अक्षता!" खरंच, गोल गोल वाटाणा कपाळावर कुठला टिकायला? पण हाच घरंगळणारा वाटाणा मातीत पेरला, तर दोन महिन्यांत आपल्या अंगणात गोड शेंगा लटकवतो. पुण्याजवळचं पुरंदर आणि मध्य प्रदेशातलं जबलपूर हे भाग वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या वाशीम जिल्ह्यात शेतं भरलेली असतात ती सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यानं. म्हणून वाटाणा परसबागेत लावू या. चार हात जागा पुरे.

पहिली गोष्ट वेळेची. वाटाण्याला थंडी हवी. फुलं आल्यावर ऊन तापलं, तर ती गळून पडतात आणि शेंगा भरत नाहीत. आपल्याकडची थंडी असते थोडे दिवस. फेब्रुवारी सरता सरता ऊन चटके देऊ लागतं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरका. जानेवारीत पेराल, तर वाटाणा तुम्हालाच अक्षता लावील!

बी कोणतं घ्यायचं? थंडपेटीतले गोठवलेले दाणे उगवत नाहीत, कारण गोठवण्याआधी ते गरम पाण्यातून काढलेले असतात. फोडलेली डाळही उगवत नाही. कृषी केंद्रातून 'अर्केल'सारख्या लवकर येणाऱ्या वाणाचं बी आणा. त्याला रंगीत औषध चोळलेलं असेल, तर ते तोंडात टाकायचं नाही, पेरल्यावर हात साबणानं धुवायचे. ही सूचना धाकट्या भावंडांनाही सांगा बरं का! किराणा दुकानातला अख्खा वाळलेला वाटाणा पेरायचा असेल, तर आधी त्याची परीक्षा घ्या. दहा दाणे रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत आठ दाण्यांना मोड आले, तर बी पास!

आता जमीन. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पाणी साचलं, की वाटाण्याची मुळं कुजतात. म्हणून खोलगट आळं करू नका, वीतभर उंच वाफा करा. ढेकळं फोडा, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. दोन-तीन सेंटिमीटर खोल आणि बोटभर अंतरावर एकेक दाणा टाका. वाफ्यावर बाभळीच्या दोन-चार काट्या पसरून ठेवा, नाहीतर पाखरं आणि खारी तुमच्या आधी जेवून जातील. कोंब वर येताच काट्या जपून काढा.

आठवडाभरात कोंब दिसतील. इथं एक गंमत बघा. घेवड्याचं बी उगवताना आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं. वाटाणा मात्र त्या मातीतच ठेवतो. शेजारी शेजारी दोन्ही पेरा आणि वहीत चित्रं काढा.

रोप वीतभर झालं, की त्याला आधार लागतो. बाजारातून काही आणायला नको. शेतातल्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या वाफ्यात रोवा. पानांच्या टोकाला धाग्यासारखे तणावे असतात. ते काडीला टेकले, की तिच्याभोवती वेटोळं घालतात. डोळे नाहीत, हात नाहीत, पण आधार बरोबर ओळखतात!

पाणी बेतानंच द्या. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून वाया जाणारं पाणीच वापरा, पण फुलं येताना आणि दाणे भरताना माती कोरडी पडू देऊ नका. पाणी बुडाशी घाला. पानांवर पांढरी पूड दिसली, तर ती भुरी. ती पानं तोडून लांब टाका.

फुलं आली, की एक रोप हळूच मुळासकट उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर समजा कारखाना चालू आहे! या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल असा करून देतात. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरही अशाच गाठी असतात. म्हणून शेंगा संपल्यावर बाकीची रोपं उपटू नका. बुडाशी कापा, मुळं जमिनीतच राहू द्या.

या साध्या वाटाण्यानं विज्ञानालाही मोठं केलं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचे धर्मगुरू राहत. त्यांनी १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं मठाच्या बागेत वाटाणे वाढवले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल! सुरकुत्या गेल्या कुठं? ते दाणे पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. घ्या पाटी आणि करा भागाकार. जवळजवळ तीनास एक! आई-बाबांचे गुण मुलांत कसे उतरतात, त्याचा नियम या मोजणीतून हाती आला. मेंडेल यांनी तो १८६६ मध्ये छापला, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ मध्ये ते वारले आणि १९०० मध्ये जगाला त्यांच्या कामाचं मोल कळलं.

आता शेवटची आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. शेंगा भरल्या, की जीभ काही ऐकत नाही. खुशाल खा! पण सर्वांत जोमदार झाडावरच्या चार शेंगा दोऱ्यानं खूण करून राखा. त्या झाडावरच पिवळ्या पडून वाळू द्या. वाटाण्याचं फूल बहुधा उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागांनी फळतं, त्यामुळे सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षीही जवळपास तसंच निघतं. दाणे कडक वाळवून, राख मिसळून कोरड्या बरणीत ठेवा. एका शेंगेत सहा-सात दाणे धरले, तरी चार शेंगांचे पंचवीसएक दाणे झाले. म्हणजे पुढच्या दिवाळीचा वाफा फुकटात पेरला जाईल, आणि मूठभर बी शेजारच्या मित्रालाही देता येईल.

आज ज्यानं चार शेंगा राखल्या, त्याला पुढच्या वर्षी बियाण्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या वर्षानुवर्षं गाडग्या-मडक्यांत बी जपत आल्या, त्या याचसाठी. तुमची बरणी कुठं ठेवायची, ते आजीलाच विचारा!