टकलावरची जाळी : कोणती आणि कोणासाठी?

लग्नसराईच्या तोंडावर एक तिशीतले गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. डोक्यावर दाट केस, पण कपाळाच्या कडेने लालभडक पट्टा उठलेला आणि त्यातून पाणी वाहत होते. "डॉक्टरसाहेब, आठ दिवसांवर साखरपुडा आहे. केस तेवढे काढायला सांगू नका," ही त्यांची पहिलीच विनंती. केस अर्थातच 'पॅच'चे होते आणि ते काढावेच लागले. पॅच लावणे यात वाईट काही नाही. चूक झाली ती निवडीत आणि चिकटवण्यात.

आजचा पॅच म्हणजे नाटकातला टोप नव्हे. त्याची सारी करामत केसांखालच्या पातळ पायात, म्हणजे 'बेस'मध्ये असते. त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला लेसचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तलम जाळीवर एकेक केस हाताने गाठ मारून बसवतात. 'स्विस' लेस सर्वांत तलम. कपाळाच्या कडेला ती जवळजवळ दिसत नाही, पण चटकन फाटते. 'फ्रेंच' लेस किंचित जाड, थोडी अधिक दिसणारी, पण जास्त टिकणारी. ही व्यापारातली नावे आहेत, माल त्या देशातून आला असे समजू नये. जाळीतून घाम बाहेर पडतो, हा लेसचा मोठा गुण. दोष असा, की काळ्या केसांच्या गाठी बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या लपवण्यासाठी ब्लीच करतात, पण त्याने केस मुळाशी कमजोर होऊन लवकर गळतात.

दुसरा मोनोफिलामेंट. हे नायलॉनचे जाडसर, घट्ट विणलेले कापड. टिकाऊ असते, पण पुढची कड ओळखू येते. केस पुढे वळवून विंचरणाऱ्यांना ते चालते.

तिसरा पॉलियुरेथेनचा, ज्याला दुकानदार 'स्किन' म्हणतात. यावर टेप छान बसते, साफ करणे सोपे जाते. मात्र त्याला छिद्रे नसल्याने घाम आत कोंडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात खाज, पुरळ आणि फोड येतात ते यामुळेच. म्हणून पुढे लेस, मध्ये मोनो आणि कडेला स्किन असा मिश्र पॅच पुष्कळांना सोयीचा पडतो.

आता चिकटवण्याविषयी. काही जणांना गोंदातील किंवा टेपमधील ॲक्रिलेटची ॲलर्जी असते. ती कित्येक महिने वापरल्यानंतरही उद्भवू शकते. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडा गोंद लावून दोन दिवस वाट पाहावी. जखमेवर, पुरळावर कधीही चिकटवू नये. विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीपेक्षा डोक्याला लाज वाटेल इतके दिवस पॅच ठेवू नये. आमच्या गृहस्थांनी तो तीन आठवडे काढलाच नव्हता! क्लिपा लावणाऱ्यांनी जागा बदलत राहावे. सतत ओढ बसली की उरलेले केसही जातात.

आणखी एक गोष्ट. पैसे मोजण्यापूर्वी केस का गेले ते तपासून घ्या. चाई, थायरॉइडचा विकार, रक्तक्षय यांवर उपचार आहेत. कर्करोगाच्या औषधांनी गेलेले केस बहुधा उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येऊ लागतात. अशा भगिनींनी गोंद टाळून मऊ अस्तराचा विग किंवा साधा सुती रुमाल वापरावा.

त्या गृहस्थांना मी मलम दिले आणि एक सल्लाही : मुलीकडच्यांना आधीच सांगून टाका. साखरपुडा उघड्या डोक्याने झाला. मुलीने एवढेच विचारले म्हणे, "आता आग होते का?" लग्नही झाले. आज ते फ्रेंच लेसचा पॅच साध्या टेपने लावतात आणि रात्री काढून ठेवतात. लपवण्याची धास्ती गेली, की कोणता पाया आपल्याला मानवेल हे शांतपणे ठरवता येते.